पिंपात तांदूळ होता

१

गोदूबाई उपाशी मेली. राजापूरच्या डॉक्टरने पोट उघडून पाहिलं आणि स्वच्छ सांगितलं, की कित्येक दिवसांत म्हातारीच्या पोटात दाणा गेलेला नाही. आणि ती ज्या खोलीत मेली, त्याच खोलीत, अंथरुणावरून हात लांब केला तर पोचेल इतक्यावर, पत्र्याचं पिंप होतं. पिंपात गळ्यापर्यंत तांदूळ होता.

पुरवठा निरीक्षक श्रद्धा घाणेकर त्या पिंपाशी उकिडवी बसली आणि तिने कोपरापर्यंत हात आत घातला. तांदूळ कोरडा, स्वच्छ, कीड नाही, पोरकिडा नाही. झाकणावर सूप ठेवलेलं. सुपात ओंजळभर तांदूळ पसरलेला आणि कडेला निवडून काढलेल्या दाण्यांची चिमूटभर ढिगली, बाकीच्यांपेक्षा पांढरट आणि निस्तेज. निवडता निवडता कोणीतरी हाक मारावी आणि बाईने अर्ध्यावर उठावं, तसं ते सूप पडलं होतं. चूल सारवलेली होती आणि सारवल्यानंतर पेटलेली नव्हती.

श्रद्धाला तालुक्यात कोणी गोड बाई म्हणत नसे. तिलाही गोड व्हायची हौस नव्हती. पण पंचनाम्यात भल्याभल्यांना खडसावणारी ही बाई त्या सारवलेल्या चुलीकडे बघून काही न लिहिता उठली आणि पडवीत गेली. पडवीत लाकडं रचलेली, त्यांच्यावर पांढरं नायलॉनचं पोतं पांघरलेलं, पोत्यावर निळ्या मार्करने काहीतरी खरडलेलं. पलीकडे अंगणात वाडी जमली होती.

धारखिंडीच्या वरच्या वाडीचा निकाल केव्हाच लागला होता. रेशन दुकानदार गुरुप्रसाद चोर. आषाढापासून त्याने म्हातारीला दाणा दिला नाही, यंत्रावर थम, म्हणजे अंगठ्याचा ठसा, लागत नाही म्हणून रिकामी परत पाठवली, तिचा माल बाहेर विकला. आणि ती मेल्याचं कळल्यावर अंगावर येऊ नये म्हणून मागच्या दाराने पिंपात तांदूळ आणून ओतला. एवढं ठरल्यावर पोरांनी त्याला दुकानातून ओढून काढला आणि रस्त्यावर तुडवला. आता तो पोलीस चौकीत बसला होता. दुकानाला कुलूप, वाडीतल्या कोणाच्याच घरी या महिन्याचं धान्य नाही, आणि संध्याकाळपर्यंत श्रद्धाच्या अहवालावर ठरणार होतं की गुरुप्रसाद घरी जातो की तुरुंगात.

तहसीलदारसाहेबांचं वेगळंच. ते सकाळीच फोनवर म्हणाले होते, "घरात तांदूळ होता ना? मग भूकबळी कसला? वार्धक्य लिहा आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, पिंप भरलेलं आणि पोट रिकामं, हे वार्धक्यात बसत नाही," श्रद्धा म्हणाली होती.

"बसवा," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

२

काशी शेजारची. दोघींच्या घरांमध्ये एक दगडी गडगा, तोही गुडघ्याएवढा. मेलेली गोदूबाई पहिल्यांदा तिनेच पाहिली. साठी उलटलेली, काटक, बोलायला बसली की हात थांबत नसत. आताही ती अंगणात बसून केरसुणीसाठी माडाच्या हिराच्या काड्या सोलत होती.

"बाय, मी रोज इचारायची," ती म्हणाली. "गोदूवैनी, जेवलीस? ती म्हनायची, जेवलंय. आता जेवलंय म्हनाली तर मी काय तोंडात बोट घालून बगू?"

"चुलीचा धूर दिसत नव्हता?"

काशीचे हात पहिल्यांदाच थांबले. "गनपती झाले आनि आमची रानडुकरांची राखन सुरू झाली. शेतावरच असतांव आमी. धुराकडं कोन बगतां?"

गडगा गुडघ्याएवढा होता. श्रद्धाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि विषय बदलला, कारण काशीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रडणाऱ्या बाईकडून कामाचं काही मिळत नाही.

"तिचं आणि दुकानदाराचं भांडण होतं?"

"भांडन?" काशी चवताळून म्हणाली. "आषाढ-सरावनात काय शिव्या दिल्यान त्याला! तुजा वंस बुडंल, तुज्या हाताला किडं पडतील. खालच्या रस्त्यावरनं वरपातूर आयकायला यायचां. ग्रामसभेत नळासाटी सरपंचाला उभा आडवा केलान ती बाय. ती काय भिते?"

"मेली तोपर्यंत शिव्या देत होती?"

"नाय. गनपतीपासनं गप झाली. दमली आसंल."

श्रद्धाने ते मनात ठेवलं. "मुलगा काय करतो?"

"नितेस? सोन्यासारका पोर. मुंबयला असतो, बायको-पोर घेऊन. आवशीचां बँकेचां कार्ड, फोनचां, सगलां तोच बगायचा. सरावनात माज्याच फोनवरनं फोन केलान तिनं, थम लागत नाय रे म्हनून. त्यो काय म्हनाला तां मी सोताच्या कानांनी आयकलां. म्हनाला, आये, दुकानदार चोर हाय, मी बगतो. आनि गनपतीला आला तो हात भरून आला. आवशीला लुगडां, फळां, सगलां."

सुपातल्या निवडलेल्या दाण्यांविषयी विचारलं तर काशीने असं पाहिलं, जणू निरीक्षकबाईंना भात कशाचा करतात तेच माहीत नाही. "तां प्लास्टिक हाय. सरकार घालतां. पान्यात टाकलां काय वर येतां. आमी सगली निवडून कोंबड्यांना टाकतांव. गोदूवैनी तर दाना दाना शोदून काढायची."

"दुकानातून ती गणपतीनंतरही रिकामीच आली, हे तुम्हाला कधी कळलं?"

"मेल्यावर." काशीचा आवाज एकदम खाली आला. "गनपती झाल्यावर ती गेली व्हती, तवा येताना पिशवी भरलेली व्हती. टम्म. आमी म्हटलां, लागला वाटतां थम येकदाचा."

ती उठली, गोदूबाईच्या दारामागची कापडी पिशवी घेऊन आली आणि श्रद्धासमोर उलटी केली. आतून आंब्याच्या वाळक्या पानांचा पातेरा पडला. आणि तळाशी, पिशवी वजनदार वाटावी म्हणून घातलेला, चिऱ्याचा एक तुकडा.

सरपंचाला उभा आडवा करणारी बाई आपली भूक वाडीपासून लपवत होती. का, ते काशीला ठाऊक नव्हतं.

३

कृषी सहायक स्वरूप खालच्या मळ्यात सापडला. रानडुकरांनी लोळवलेल्या भाताचे फोटो काढत होता. पोटऱ्यांपर्यंत चिखल, खांद्याला टॅबलेटची पिशवी. तरुण होता आणि अजून सगळ्यांना सगळं समजावून सांगायचा त्याला कंटाळा आला नव्हता.

"प्लास्टिक!" तो कपाळाला हात लावून म्हणाला. "मॅडम, मी घसा फुटेस्तोवर सांगितलंय. त्या दाण्यांत लोह असतं, जीवनसत्त्वं असतात. पिठाचा दाणा बनवून तांदळात मिसळतात, अंगात रक्त नसलेल्या बायकांसाठी. आणि त्याच बायका तेवढं वेचून कोंबड्यांना घालतात. वाडीतल्या कोंबड्या बघा कशा तजेलदार आहेत."

"बाजारातल्या तांदळात असतो हा दाणा?"

"इकडच्या बाजारात तर मी पाहिला नाही. रेशनला आणि शाळेच्या खिचडीला, बस."

म्हणजे पिंपातला तांदूळ रेशनचा होता. वाडीचं म्हणणं खरं होऊ लागलं. रेशनचा तांदूळ गुरुप्रसादशिवाय कोणाकडे असणार? श्रद्धाला ते आवडलं नाही. तिने येतानाच गोदामातली पोती पाहिली होती आणि माल हिशोबाला बरोबर होता. चोराचं गोदाम इतकं सरळ नसतं, निदान तिने पाहिलेल्या चोरांचं नव्हतं.

ती वळणार एवढ्यात स्वरूप म्हणाला, "एक सांगू? त्या म्हातारीचा थम लागत नाही हे मला पटत नाही. शेतकरी ओळखपत्रासाठी श्रावणात मी घरोघर फिरलो. कष्टाची बोटं, कोणाचे ठसे उमटतच नाहीत. काशीकाकूंचे तर दहाही बोटांचे गेलेत. पण गोदूआजीचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. ती हसली पण. म्हणाली, गुऱ्याच्या यंत्राला मी वळकत नाय, तुज्या यंत्राला बरी वळकली."

"म्हणजे दुकानदार खोटं बोलत होता."

"मला काय माहीत," स्वरूप घाईघाईने म्हणाला. वाडीत नोकरी करायची होती त्याला.

फाट्यावर मोबाईलला जराशी रेंज येते. तिथे श्रद्धाने कार्यालयातल्या ऑपरेटरला फोन लावला आणि गोदूबाईचं पिवळं, अंत्योदयाचं कार्ड तपासायला सांगितलं. तिकडून खरखर, मग आवाज, "मॅडम, ह्या कार्डावरचा माल दर महिन्याला उचललाय. आषाढातला, श्रावणातला, सगळा. थम लावून."

पुढचं काही ऐकू आलं नाही. रेंज गेली.

४

चौकीतल्या बाकावर गुरुप्रसाद बसला होता. पन्नाशीचा, बारीक, एक डोळा सुजून बंद झालेला, खालचा ओठ फाटलेला. पोरांनी चष्माही फोडला होता. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता.

"थम लागत नव्हता," तो म्हणाला.

"स्वरूपच्या यंत्रात लागला."

तो बाकाच्या टोकाशी सरकला.

"आणि माल उचललेला आहे. दर महिन्याला."

त्याने उघडा डोळाही मिटला. श्रद्धाचं डोकं सणकलं. ती म्हणाली, "अहो, मी तुमची बाजू घ्यायला आले नाही, पण गोदाम तुमचं बरोबर आहे. चोरी केलीत तर माल कुठे आहे? नाही केलीत तर म्हातारीला खोटं का सांगितलंत? दोन्हीपैकी एक तरी सांगा, म्हणजे मला संध्याकाळी काहीतरी लिहिता येईल."

"मी घेतला असं लिहा."

"काय?"

"लिहा ना बाई. दुकान जाईल, जाऊ दे. मार खाऊन झालाच आहे."

चौकीतला हवालदारसुद्धा मान वर करून बघू लागला. गुन्हा कबूल करणारी माणसं श्रद्धाने पाहिली होती. पण ती घाबरून कबूल करतात किंवा मस्तीत. हा माणूस एखाद्याचं ओझं उचलावं तसं कबूल करत होता.

"बायकोमुलांना काय सांगणार?"

त्याने शर्टाच्या बाहीने फाटलेला ओठ टिपला. मग तो आपणहून बोलू लागला, श्रद्धाकडे न बघता.

"मी माझ्या घरचे तांदूळ द्यायचो त्यांना. शेर, दोन शेर, जमेल तेवढे. शिव्या देत न्यायच्या. म्हणायच्या, माझंच चोरून मलाच वाटतोस होय रे? मला काही वाटायचं नाही. शिव्या देतायत म्हणजे अंगात जोर आहे, एवढंच बघायचो मी." तो थांबला. "गणपती झाल्यावर आल्या. अंगठा ठेवला. मी नेहमीसारखं सांगितलं, लागत नाही. तर बाई, त्यांनी मला हात जोडले. भर दुकानात. मी तांदळाची पुडी पुढे केली, ती घेतलीच नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं."

"काय कळायला हवं होतं?"

"जाऊ दे," तो म्हणाला. "मेलेल्या बाईची अब्रू आहे. मी नाही बोलणार."

५

चोराला हात कोण जोडतं? श्रद्धा वाडीकडे परत चढताना हेच घोळवत होती. शिव्या देणारी बाई एका सणात बदलली. आधी चोर म्हणत होती, मग हात जोडू लागली. आधी भूक चव्हाट्यावर मांडत होती, मग पातेऱ्याखाली झाकू लागली. सणात तिला काहीतरी कळलं होतं. आणि जे कळलं, त्याने गुरुप्रसाद निर्दोष ठरत होता.

मग दोषी ठरत होतं कोण?

ती गोदूबाईच्या पडवीत आली आणि या वेळी लाकडांवरचं पोतं ओढून काढून उलगडलं. निळ्या मार्करने मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: धारखिंड फाटा.

"हे कोणी लिहिलं?"

काशी गडग्यापलीकडून म्हणाली, "तां? मुंबयच्या गाडीवाल्यानं. गनपतीच्या गाड्यांना मरनाचं सामान असतां. ज्याच्या त्याच्या बोचक्यावर उतरायचा फाटा लिवतात, नायतर आमचां सामान लांज्याला आनि लांज्याचां आमच्या अंगनात." मग तिचा आवाज अडखळला. "नितेसनं आनलान तां. आवशीसाटी तांदूळ आनलान."

"तुम्ही सकाळी म्हणालात लुगडं आणि फळं."

"आता तांदूळ काय सांगायचा? घराघरात आनतात. मुंबयत तांदूळ सवंग मिळतो म्हनं."

श्रद्धा आत गेली. सुपासमोर बसली. चिमूटभर पांढरट दाणे बोटांनी चाचपले. वाडीच्या घाईत ही एक गोष्ट कोणी पाहिलीच नव्हती: ते दाणे गोदूबाईने स्वतः निवडले होते. मेलेली बाई तांदूळ निवडत नाही. म्हणजे तांदूळ ती जिवंत असतानाच घरात होता, मागच्या दाराने काहीही आलं नव्हतं. मुंबईहून, मुलाच्या हाताने, पुढच्या दाराने आला होता. म्हातारी कौतुकाने निवडायला बसली आणि सुपात तिला ओळखीचे दाणे दिसले.

ती तडक देवळामागच्या सड्यावर चढली. कातळाच्या एका टोकाला रेंज येते, वाडीतली पोरं तिथेच उभी राहून मुंबईशी बोलतात. ऑपरेटरने फोन उचलला.

"मघाशी एक विचारायचं राहिलं," श्रद्धा म्हणाली. "माल उचलला. कुठल्या दुकानातून?"

हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता, तिलाही नाही. धारखिंडीचं कार्ड, धारखिंडीची बाई, मग दुकान दुसरं कुठलं असणार? तिकडे कळफलकाचा आवाज आला. मग ऑपरेटरने दुकानाचा पत्ता वाचला. श्रद्धाने तो दोनदा वाचून घेतला.

६

अंगणात नितेश खुर्चीवर बसला होता. डोकं भादरलेलं, अंगावर पंचा, डोळे लाल. सभोवती वाडी. श्रद्धा आलेली पाहून तो उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम, माज्या आवशीला उपाशी मारलान त्यानं. त्याला सोडलात तर आमी तालुक्याला मोर्चा आनू."

"बसा," श्रद्धा म्हणाली. "कार्डावर नावं किती?"

"चार. आये, मी, बायको, पोर."

"मुंबईत वेगळं कार्ड आहे?"

नितेशने नकारार्थी मान हलवली. वाडी अजून त्याच्याच बाजूने उभी होती. श्रद्धाने आवाज चढवला नाही. चढवायची गरज नव्हती.

"आता देशात कुठल्याही दुकानातून रेशन घेता येतं. कार्डावरच्या कोणीही अंगठा लावला की मिळतं. चांगली सोय आहे, पोटासाठी गाव सोडणाऱ्यांसाठीच केलेली. पण कार्ड एक आणि माल एक. आषाढापासून या कार्डाचा सगळा माल, शेवटच्या दाण्यापर्यंत, मुंबईजवळच्या दिवा गावातल्या एका दुकानातून उचलला गेलाय. महिना लागला की लगेच. इथे गोदूबाई अंगठा लावायची तेव्हा यंत्र सांगायचं, उचल झाली आहे. गुरुप्रसादला पहिल्याच महिन्यात कळलं, कोण खातंय ते. म्हातारीला कसं सांगायचं, तुझ्या मुलाने नेलं? म्हणून तो म्हणाला, थम लागत नाही. शिव्या त्याने स्वतःवर घेतल्या. मारही घेतला. आज चौकीत चोरीसुद्धा स्वतःवर घेत होता."

कोणीतरी मागे खोकलं. नितेश म्हणाला, "कंपनी बंद पडली माजी. पोर लहान. आये इथं येकटी, आमी तिगां. तिला शेताचां भात व्हतां."

"शेत दोन वर्षं पडीक आहे. डुकरांना कंटाळून. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला वाटलां, तिच्या वाटचां तिला मिळत आसंल."

"श्रावणात तिने फोन करून सांगितलं ना, मिळत नाही म्हणून? तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते काशीबाईंनी ऐकलंय. दुकानदार चोर आहे म्हणालात. तिच्या बँकेचं कार्डही तुमच्याच खिशात. तिने विकत तरी कशाने घ्यावं?"

काशीने पदर तोंडाला लावला. नितेशने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"गणपतीला तुम्ही आईसाठी पोतं आणलंत," श्रद्धा म्हणाली. "तिच्याच कार्डाच्या तांदळातलं, तिलाच भेट. तुम्ही मुंबईला गेलात आणि ती निवडायला बसली. तुम्ही त्याला प्लास्टिक म्हणता ना, त्या दाण्यांवरून तिने ओळखलं की हा रेशनचा आहे. घरात कार्ड एकच, मग हा आला कुठून, ते कळायला तिला शाळेत जावं लागलं नाही. हातातलं सूप तिने तसंच ठेवलं. त्यानंतर तिने गुरुप्रसादला शिवी दिली नाही, हात जोडले. आणि वाडीला कळू नये म्हणून पिशवीत पातेरा भरून आणला. तुमचं नाव निघू नये म्हणून."

"मंग तांदूळ का नाय खाल्लान?" कोणीतरी विचारलं. "पिंप भरलेला व्हता की."

श्रद्धाला याचं उत्तर ठाऊक नव्हतं, आणि तिने तसं सांगितलं. "रागाने की मायेने, ते तिलाच माहीत. तुम्हाला विचारता आलं असतं. तुम्ही गडग्यापलीकडे होतात."

आता नितेशवर धावून जातील, असं श्रद्धाला वाटलं. गुरुप्रसादला याच हातांनी तुडवला होता. हवालदार बरोबर आणायला हवा होता, असंही तिच्या मनात आलं. पण कोणी जागचं हललं नाही. शेवटी काशी पुढे आली आणि श्रद्धाच्या कागदांवर हात ठेवून हळूच म्हणाली,

"बाय, ह्यां लिवू नुको."

"का?"

"आमची पन पोरां मुंबयलाच हायत. आर्ध्या वाडीची कार्डां तिकडंच चालतात. आमी शेतावर काय थोडां पिकवतांव, त्यावर भागवतांव. तू ह्यां लिवलांस काय तिकडचां बंद व्हयल. नातवंडां काय खातील?" तिने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या माना होकारार्थी हलत होत्या. "गुरुपरसाद तसापन कबूल झालाच हाय म्हनतीस ना?"

श्रद्धाला शिवी द्यायची इच्छा झाली. तिने काशीचा हात बाजूला केला आणि पडवीत बसून, सगळ्यांच्या देखत, पहिल्या ओळीपासून सगळं लिहिलं. दुकानदार निर्दोष. मृत्यू उपासमारीने. धान्याची उचल मुलाकडून. तहसीलदारसाहेब यातली किती अक्षरं ठेवतील हे तिला चांगलं माहीत होतं, पण गुरुप्रसाद आज घरी जाईल एवढं त्यातून नक्की होणार होतं. आणि दुकान तो पुन्हा उघडेल की नाही, हे विचारायचं तोंड वाडीत कोणालाच नव्हतं.

ती सही करत होती तेव्हा नितेश शेजारी येऊन उभा राहिला. ती थांबली. तिला वाटलं, आता हा आईविषयी काही बोलेल.

"मॅडम," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आता आये गेली, तर कार्ड बंद व्हयल काय?"

श्रद्धाने त्याच्याकडे पाहिलं. खोटं सांगावंसं तिला फार वाटलं. पण त्याच्या घरात एक लहान पोर होतं आणि नियम नियम होता.

"नाही," ती म्हणाली. "नाव तेवढं कमी होईल. अंत्योदयाचं धान्य कार्डावर मिळतं, माणसांवर नाही. जेवढं येत होतं तेवढंच येईल."

त्याने श्वास सोडला. इतका वेळ आवळून धरलेले त्याचे खांदे सैल पडले आणि तो परत खुर्चीवर जाऊन बसला.

सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजार जेवण पोचवतो, ही वाडीची जुनी रीत. दिवस कलला तशा बायका एकेक करून आल्या. कोणी पिठलं आणलं, कोणी कुळथाचं कढण, आणि काशीने गडगा ओलांडून वाफाळत्या भाताचं भरलेलं ताट आणून नितेशच्या पुढ्यात ठेवलं.

"जेव रे पोरा," ती म्हणाली. "सकाळपासनं उपाशी हायस."